प्रादेशिक राज्य स्वतंत्र केव्हा झाले, हे कसे ठरवावे

गोवळकोंड्याची कुतुबशाही स्वतंत्र केव्हा झाली, हे दोन-तीन पुस्तकांत पाहिले, तर कुठे १५१२, तर कुठे १५१८ असे उत्तर मिळते. खानदेशच्या फारुकी घराण्यासाठी कोणी १३७० लिहितो, कोणी १३८२. विजयनगरचे १३३६ हे साल सर्वांच्या तोंडी आहे. मात्र त्या राज्याच्या संस्थापकाने सम्राटाची बिरुदे लावलीच नव्हती, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. परीक्षेची तयारी असो, आपल्या गावच्या गढीवर लेख लिहायचा असो किंवा निव्वळ कुतूहल असो, मध्ययुगीन प्रादेशिक राज्यांच्या अभ्यासात पहिली ठेच लागते ती या सालांपाशी. पुस्तके चुकलेली असतात असे नाही. प्रत्येक लेखकाने ‘स्वतंत्र’ या शब्दाखाली वेगळी कृती मोजलेली असते: एकाने नेमणूक मोजली, दुसऱ्याने खुतब्यातील, म्हणजे शुक्रवारच्या नमाजातील प्रवचनातील, राजाचे नाव, तिसऱ्याने नाणे. म्हणून एका सालाच्या शोधात दमण्यापेक्षा त्या राज्याने आपल्या धन्याशी असलेली कोणती गाठ केव्हा सोडली, याची क्रमवार नोंद ठेवणे अधिक उपयोगाचे ठरते. ही नोंद कशी करावी, तिच्यासाठी कोणती साधने पाहावीत आणि कोठे फसगत होते, हे पुढे सांगितले आहे.

आधी धन्याचे नाव लिहावे

राज्य निवडल्यावर वहीत पहिली ओळ त्या राज्याच्या धन्याची लिहावी. मध्ययुगातील बहुतेक प्रादेशिक राज्ये कोणाच्या तरी चाकरीतून उभी राहिली आहेत, त्यामुळे धनी कळल्याशिवाय सुटकेचा अर्थ लागत नाही.

दख्खनपुरते पाहिले, तरी ही साखळी किती लांब आहे ते दिसते. बदामीच्या चालुक्यांचा सामंत असलेल्या दंतिदुर्गाने आठव्या शतकाच्या मध्यावर राष्ट्रकूटांची सत्ता उभी केली. पुढे ९७३ मध्ये राष्ट्रकूटांचाच सामंत तैलप याने दुसऱ्या कर्काचा पाडाव करून चालुक्यांचे नाव पुन्हा वर आणले. त्याच्या आदल्याच वर्षी माळव्याच्या परमार सीयकाने मान्यखेट ही राष्ट्रकूटांची राजधानी लुटली होती, हे विसरू नये. कल्याणीच्या या चालुक्यांचे सामंत म्हणजे सेऊणदेशाचे यादव, वरंगळचे काकतीय आणि द्वारसमुद्राचे होयसळ. कलचुरी बिज्जळाने बाराव्या शतकाच्या मध्याला कल्याणीची गादी बळकावली आणि वरचे छत्रच डळमळले, तेव्हा हे तिघेही आपापल्या वाटेने मोकळे झाले. यादवांपैकी पाचव्या भिल्लमाने ११८७ च्या सुमारास सार्वभौमत्व धारण केले आणि देवगिरी ही राजधानी पुढे आली. त्यानंतर देवगिरी दिल्लीकडे गेली, दिल्लीच्या सरदारांतून बहमनी राज्य निघाले आणि बहमनींच्या तरफदारांतून, म्हणजे तरफ या प्रांताच्या अधिकाऱ्यांतून, पाच शाह्या निघाल्या. कालचा चाकर आजचा धनी होतो आणि त्याचा चाकर उद्या त्याच्याच वाटेने जातो, हे या साखळीचे सूत्र वहीत एकदा स्वच्छ मांडले की पुढचे काम सोपे होते.

दिल्लीच्या बाबतीत दोन लाटा वेगळ्या मांडाव्यात. पहिली लाट महंमद तुघलकाच्या हयातीतली, म्हणजे साधारण १३३५ ते १३४७ मधली. तिच्यात मदुरा, विजयनगर, बंगाल आणि बहमनी येतात. दुसरी लाट १३८८ मध्ये फिरोजशाह तुघलक वारल्यानंतरची. तिच्यात जौनपूर, माळवा आणि गुजरात येतात. या दोन लाटांची कारणे निराळी आहेत, ते पुढे येईलच.

विजयनगरसाठी मात्र धन्याची ओळ लगेच भरता येत नाही. विजयनगर स्थापन करणारे संगम बंधू, म्हणजे हरिहर आणि त्याचे भाऊ, आधी कोणाच्या पदरी होते, याविषयी अभ्यासकांत दोन तट आहेत. काहींच्या मते त्यांचा वारसा होयसळांकडून आला, तर काहींच्या मते ते कंपिलीहून दिल्लीला आणि तेथून परत दक्षिणेत आले. अशा वेळी दोन्ही मते लिहून रकाना उघडा ठेवावा.

पानावर कोणत्या नोंदी असाव्यात

एका राज्यासाठी एक पान घ्यावे आणि त्यावर पुढील गोष्टी केव्हा घडल्या ते शोधावे: वसुलीचा भरणा धन्याकडे जाणे कधी थांबले, बदलीचा किंवा दरबारात हजर होण्याचा हुकूम कधी धुडकावला गेला, अधिकार बापाकडून मुलाकडे धन्याला न विचारता कधी गेला, खुतब्यात कोणाचे नाव होते, नाणे कोणाच्या नावाचे होते, अधिपतीने कोणती पदवी घेतली, आणि शेजारच्या सत्तांनी त्याला राजा म्हणून कधी वागवले. या नोंदी एका वर्षात क्वचितच जमतात. बऱ्याचदा पहिल्या आणि शेवटच्या नोंदीत चाळीस-पन्नास वर्षांचे अंतर पडते आणि खरा इतिहास त्या अंतरातच असतो.

यांतील पहिल्या तीन नोंदी मला स्वतःला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात, कारण त्या पैशाच्या आणि माणसांच्या आहेत. नाव आणि नाणे ही त्यांची मागाहून केलेली द्वाही असते. दिल्लीच्या सुलतानांनी प्रांत अधिकाऱ्यांना इक्ता म्हणून दिले होते. त्या अधिकाऱ्याने, म्हणजे मुक्तीने, वसुली करायची, तीतून फौज पोसायची आणि उरलेली रक्कम दिल्लीला पाठवायची, अशी ही व्यवस्था. ती टिकावी म्हणून अधिकाऱ्यांच्या बदल्या होत आणि हिशेब तपासले जात. हे दोन खिळे निखळले की मुक्ती आणि राजा यांत फक्त पदवीचे अंतर उरते.

महंमद तुघलकाच्या काळातील दोन बंडे या दृष्टीने शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. बीदरकडील प्रदेशाची वसुली नुसरतखानाने एक कोट टंक्यांच्या मक्त्याने घेतली होती. तेवढी रक्कम उभी राहीना, तेव्हा तो बंडाला उठला. अवधचा कारभार चांगला चालवणाऱ्या ऐनुल्मुल्काला सुलतानाने दौलताबादेला बदलीवर जाण्यास सांगितले, तेव्हा त्यानेही बंड केले. एकाचे बंड भरण्यावरून, दुसऱ्याचे बदलीवरून. ही दोन्ही बंडे मोडली गेली, म्हणून त्यांच्या नावाने राज्ये झाली नाहीत. पण जी राज्ये पुढे झाली, त्यांचा आरंभ याच दोन प्रश्नांपाशी सापडतो. पुढे फिरोजशाहने सरदारांना दुखवायचे नाही असे धोरण ठेवून इक्ता वंशपरंपरेने चालू दिल्या, त्यामुळे तिसरा खिळाही ढिला झाला. तैमूरने १३९८ च्या डिसेंबरात दिल्ली लुटली म्हणून गुजरात आणि माळवा फुटले, असे सरधोपट विधान करण्याआधी फिरोजशाहच्या या सदतीस वर्षांच्या कारभाराची नोंद करावी. तैमूरने मोडलेले घर आधीच पोखरलेले होते.

सालांचा मेळ घालताना

साधनांत शक किंवा हिजरी सन असतो आणि पुस्तकांत इसवी सन, त्यामुळे रूपांतर स्वतः करता आले पाहिजे. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळते, हे शाळेत शिकवतात. मात्र पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथी पुढच्या इसवी सनात जातात, तेथे ७९ मिळवावे लागतात. हनमकोंड्याच्या सहस्रस्तंभ मंदिरातील काकतीय रुद्रदेवाचा लेख शके १०८४ च्या माघातला आहे. ७८ मिळवून मी पहिल्यांदा ११६२ लिहिले होते आणि सगळी पुस्तके ११६३ का म्हणतात याचा बराच वेळ विचार करत बसलो होतो. माघ महिना जानेवारीत पडतो, एवढेच कारण होते.

हिजरी वर्ष चांद्र असल्याने ते सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. ढोबळ हिशेबासाठी हिजरी सनाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवावेत. बहमनी राज्यारोहण हिजरी ७४८ मधले आहे: ७४८ ला ०.९७ ने गुणल्यास ७२५.५६ येतात, त्यांत ६२२ मिळवल्यास १३४७.५६, म्हणजे १३४७ चा मध्य. प्रत्यक्ष तारीख ३ ऑगस्ट १३४७ आहे. एवढी जुळणी पुरेशी आहे, पण ज्या नोंदीत महिना दिलेला नाही तेथे दोन इसवी सने जोडून, जसे १३३८-३९, असेच लिहावे. एकच साल लिहिण्याचा मोह झाला, की पुढे दोन पुस्तकांतील फरक विनाकारण मतभेद वाटू लागतो.

बिरुदे कशी वाचावीत

ताम्रपट किंवा शिलालेख हाती आला की दानाच्या मजकुरापेक्षा राजाच्या नावामागची बिरुदावली आधी वाचावी. सामंत आणि सम्राट यांच्या बिरुदांत तेव्हा ठरावीक पायऱ्या होत्या. ‘महासामंत’, ‘महामंडलेश्वर’ आणि ‘समधिगतपंचमहाशब्द’, म्हणजे पाच वाद्ये वाजवून घेण्याचा मान मिळालेला, ही सामंताची ओळख होय. ‘महाराजाधिराज’, ‘परमेश्वर’ आणि ‘परमभट्टारक’ ही तिन्ही एकत्र आली, की तो माणूस आपल्यावर कोणी मानत नाही.

दंतिदुर्गाचे उदाहरण अगदी जवळून पाहण्यासारखे आहे. त्याचा वेरूळ येथे मिळालेला ताम्रपट शके ६६३ चा आहे. त्यात तो ‘पृथ्वीवल्लभ’ म्हणवतो, पण त्याच वेळी ‘समधिगतपंचमहाशब्द’ आणि ‘महासामंताधिपती’ ही सामंताची लेणीही अंगावर ठेवतो. कोल्हापूर जिल्ह्यातील सामानगड येथे मिळालेला त्याचा दुसरा ताम्रपट सुमारे बारा वर्षांनंतरचा, शके ६७५ चा आहे. त्यात सामंतपणाची बिरुदे गळून ‘महाराजाधिराज परमेश्वर परमभट्टारक’ ही बिरुदावली आली आहे आणि वल्लभाला, म्हणजे चालुक्य राजाला, जिंकल्याचा उल्लेखही आहे. दोन पत्रे शेजारी ठेवली की बारा वर्षांत काय घडले ते दिसते, आणि पहिल्या पत्रात ते अर्धे घडूनही गेले होते हेही दिसते. जाता जाता हेही सांगितले पाहिजे की सामानगडच्या पटातील तिथी माघातील रथसप्तमीची आहे, त्यामुळे ‘७५३’ हे पाठ केलेले साल काटेकोर हिशेबाने जानेवारी ७५४ होते.

उलट उदाहरण विजयनगरचे आहे. पहिल्या हरिहराचा उल्लेख लेखांत ‘महामंडलेश्वर’ असाच येतो. त्याच्या हाती मोठा मुलूख होता, भाऊ ठिकठिकाणी कारभार पाहत होते, १३४६ मध्ये शृंगेरीला सारे बंधू विजयोत्सवासाठी जमले होते, आणि तरीही सम्राटपद त्याने घेतले नाही. ‘महाराजाधिराज राजपरमेश्वर’ ही बिरुदे रूढ झाली ती दुसऱ्या हरिहराच्या काळात, म्हणजे १३७७ नंतर. तेव्हा १३३६ हे साल नगरस्थापनेच्या रकान्यात लिहावे आणि पदवीचा रकाना चाळीस वर्षे पुढे भरावा.

गावाच्या नावाची बिरुदे मात्र जपून वाचावीत. शिलाहार स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवतात, राष्ट्रकूट ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ आणि यादव ‘द्वारावतीपुरवराधीश्वर’. तगर म्हणजे आजचे तेर, लट्टलूर म्हणजे बहुधा लातूर, आणि द्वारावती म्हणजे श्रीकृष्णाची द्वारका. ही त्या काळच्या ताब्यातल्या गावांची यादी नसून मूळ गावाचा, कुळाचा अभिमान आहे. त्यावरून राज्याचा नकाशा रंगवू नये.

खुतबा आणि नाणे

शुक्रवारच्या नमाजात ज्याच्या नावाने खुतबा वाचला जातो आणि ज्याच्या नावाने टांकसाळीत नाणे पडते तो सुलतान, असा मुसलमानी राजसत्तांचा संकेत होता. म्हणून या दोन नोंदी स्वतंत्र ठेवाव्यात. त्या एकाच दिवशी बदलतातच असे नाही.

नाण्याच्या बाबतीत बंगाल हा अभ्यासकाला सुखावणारा प्रांत आहे. तिथल्या नाण्यांवर टांकसाळीचे गाव आणि हिजरी सन दोन्ही असतात, त्यामुळे कोणाचा अंमल कोणत्या शहरापर्यंत केव्हा पोचला, हे ग्रंथांचा आधार न घेताही लावता येते. फख्रुद्दीन मुबारकशाहची सोनारगावची नाणी हिजरी ७३९ पासून, म्हणजे १३३८-३९ पासून आहेत. पश्चिमेकडे पुढे शमसुद्दीन इलियासशाह उभा राहिला आणि १३५२ च्या सुमारास त्याने सोनारगावही घेतले. ‘बंगाल १३३८ मध्ये स्वतंत्र झाला’ हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. त्या साली एक शहर आणि त्याचा भोवताल सुटला, अख्खा बंगाल एका छत्राखाली यायला आणखी चौदा वर्षे लागली. धन्याने ही सुटका मान्य केली होती का, तेही पाहावे. फिरोजशाहने १३५३ आणि १३५९ मध्ये बंगालवर स्वारी केली, दोन्ही वेळा बंगालचा सुलतान एकडाल्याच्या किल्ल्यात जाऊन बसला आणि दोन्ही वेळा दिल्लीला तह करून परतावे लागले. मान्यतेचा रकाना १३५९ नंतरच भरता येतो.

बहमनींच्या बाबतीत पदवी, खुतबा आणि नाणे लवकर जुळून आले. राज्याचा संस्थापक हसन याने अलाउद्दीन बहमनशाह हे नाव घेतले आणि नाण्यांवर ‘सिकंदर-ए-सानी’, म्हणजे दुसरा सिकंदर, असे कोरवले. ही पदवी त्याने दिल्लीच्या अलाउद्दीन खिलजीची उचलली होती; ज्या दिल्लीविरुद्ध बंड केले, तिच्याच वैभवाच्या काळाची नक्कल करणे ही नव्या राज्यांची नेहमीची रीत दिसते. पण नाणे पाडणे वेगळे आणि ते बाजारात चालणे वेगळे. त्याचा मुलगा पहिला महंमदशाह याच्या काळात सराफ बहमनी नाणी वितळवून टाकत आणि विजयनगर व तेलंगणची नाणी चालवत, आणि सुलतानाने त्यांना कठोर शिक्षा केल्या, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. सोन्याचा कस सराफ पारखतो. राजाचे नाव त्याच्या लेखी दुय्यम असते. म्हणून ‘नाणे पाडले’ या नोंदीपुढे ‘चलनात आले का’ असा लहानसा प्रश्न जरूर लिहावा.

काही जण या दोन्ही गोष्टींना मुद्दाम हात लावत नाहीत. जौनपूरच्या मलिक सरवरला १३९४ मध्ये ‘मलिक-उश-शर्क’, पूर्वेचा स्वामी, अशी पदवी दिल्लीकडूनच मिळाली होती. सत्ता सगळी त्याच्या हातात होती, तरी १३९९ मध्ये मरेपर्यंत त्याने सुलतान म्हणवून घेतले नाही. सुलतान ही पदवी घेऊन खुतब्यात नाव घातले ते त्याच्या दत्तकपुत्राने, मुबारकशाहने. गोवळकोंड्याचा कुली कुतुबुल्मुल्क तर याहून सावध. गोवळकोंड्याच्या जामा मशिदीवरील १५१८ च्या लेखात राज्य महमूदशाह बहमनीचे म्हटले आहे आणि कुली स्वतःला आपल्या सरदारी किताबानेच ओळखतो. ज्या सालाला पुस्तके कुतुबशाहीचे स्वातंत्र्य म्हणतात, त्याच सालच्या दगडावर धन्याचे नाव कोरलेले आहे. आरंभी सांगितलेल्या १५१२ आणि १५१८ या वादाचा निकाल लावण्याऐवजी ही गोष्ट वहीत लिहावी, ती अधिक काही शिकवते.

सांगणारा कोण आहे

प्रत्येक नोंदीपुढे ती कोणी, केव्हा आणि कोणाच्या पदरी राहून लिहिली, हे लिहिण्याची सवय लावून घ्यावी. इसामी या फारसी कवीने आपले इतिहासकाव्य १३५० मध्ये संपवून बहमनशाहला अर्पण केले. तो काळाने जवळचा आहे, पण आश्रयदात्याच्या बाजूने बोलतो. फिरिश्ता सतराव्या शतकाच्या आरंभी विजापूरच्या इब्राहिम आदिलशाहच्या दरबारात लिहीत होता. १४९० मध्ये युसूफ आदिलखान, मलिक अहमद आणि फतहुल्ला इमादुल्मुल्क या तिघांनी बहमनी सुलतानाचे नाव खुतब्यातून काढले, ही सुटसुटीत हकिकत त्याची आहे. आदिलशाही जितकी जुनी दिसेल तितकी विजापूरला हवीच होती. १५०१ मध्ये हेच तरफदार बीदरला जमून दरवर्षी सुलतानाच्या झेंड्याखाली विजयनगरवर स्वारी करण्याचे ठरवतात, हे लक्षात घेतले म्हणजे १४९० ची तोड इतकी स्वच्छ नव्हती हे कळते.

संस्थापकांच्या दंतकथाही वहीत घ्याव्यात, पण वेगळ्या पानावर. हसन हा दिल्लीच्या गंगू नावाच्या ब्राह्मण ज्योतिष्याचा नोकर होता आणि शेतात त्याला मोहरांचा हंडा सापडला, म्हणून राज्याला ‘बहमनी’ नाव पडले, ही कथा फिरिश्ताने लोकप्रिय केली. स्वतः त्या घराण्याने आपला संबंध इराणच्या प्राचीन बहमन राजाशी जोडला होता. ससा शिकारी कुत्र्यांवर उलटला आणि त्या जागी राजधानी वसवली, ही कथा विजयनगरची म्हणून सांगतात आणि अहमदाबादचीही. एकच ससा दोन राजधान्या वसवतो, तेव्हा तो इतिहासाचा पुरावा राहत नाही. मात्र नव्या सत्तेला आपल्या जागेविषयी काय सांगावेसे वाटत होते, ते त्यातून कळते.

धनी त्या वेळी काय करत होता

पान भरत आले की उलट दिशेने एकदा तपासावे: ज्या महिन्यांत हे राज्य सुटले, त्या महिन्यांत धनी कोठे अडकला होता? बहमनी राज्याची जन्मकथा याच प्रश्नाने उलगडते. शंभर गावांच्या किंवा शंभर स्वारांच्या प्रमुखांना सदा अमीर म्हणत. माळव्याच्या सुभेदाराने धारला अशा ऐंशीहून अधिक अमिरांना ठार मारले. ती बातमी गुजरात आणि दौलताबादेत पोचली. पुढे दौलताबादच्या अमिरांना भडोचला सुलतानाकडे येण्याचा हुकूम आला, तेव्हा आपलेही तेच होणार या भीतीने ते वाटेतूनच उलटले, दौलताबादचा खजिना ताब्यात घेतला आणि इस्माईल मुख या वयस्क सरदाराला राजा केले. महंमद तुघलक स्वतः आला, त्यांचा पराभव केला, गडाला वेढा घातला. एवढ्यात गुजरातेत तघीचे बंड उठले आणि सुलतानाला तिकडे धावावे लागले. हसनने परत येऊन दिल्लीची उरलेली फौज मोडली, इस्माईलने राजपद सोडले आणि हसन गादीवर बसला. सुलतान तघीच्या मागे सिंधपर्यंत गेला आणि १३५१ मध्ये ठठ्ठ्याजवळ वारला. दख्खनला तो पुन्हा आलाच नाही. या साऱ्यात ‘दख्खनची स्वातंत्र्याकांक्षा’ शोधू जाणाऱ्याच्या हाती फार काही लागत नाही. जीव वाचवण्याची धडपड, खजिना आणि सुलतानाची अनुपस्थिती एवढे ठळक दिसते.

माळव्याचे दृश्य याहून शांत आहे. तैमूरच्या स्वारीत दिल्ली सोडून पळालेला सुलतान नासिरुद्दीन महमूद धारला माळव्याचा सुभेदार दिलावरखान घोरी याच्या आश्रयाला राहिला. दिलावरखानाने त्याची बडदास्त ठेवली. त्याच्या मुलाला, पुढे होशंगशाह झालेल्या अल्पखानाला, ती रुचली नाही आणि तो मांडूला जाऊन राहिला. १४०१ मध्ये सुलतान दिल्लीला परतला आणि त्यानंतर दिलावरखान मोकळा झाला. धनी घरात पाहुणा असेपर्यंत त्याने गाठ सोडली नाही.

बहमनींच्या फुटीत धन्याचा उपायच अंगाशी आला. बहमनी वजीर महमूद गावानने जुन्या चार तरफांच्या आठ केल्या, प्रत्येक तरफदाराकडे एकच किल्ला ठेवला आणि बाकीच्या किल्ल्यांवर सुलतानाचे किल्लेदार नेमले. हे करणे आवश्यक होते आणि म्हणूनच ते सरदारांना सहन झाले नाही. बनावट पत्राच्या आधारे १४८१ मध्ये सुलतानाने गावानचा वध करवला. ज्यांना आवर घालायचा होता तेच उरले, आणि आवर घालणारा गेला.

एक पान भरून पाहू: जुन्नर ते अहमदनगर

धनी: महमूदशाह बहमनी, बीदर. आरंभ: गावानविरुद्धच्या कटात असलेल्या मलिक हसन निजामुल्मुल्काचा मुलगा मलिक अहमद वडिलांच्या वतीने जुन्नर भागाचा कारभार पाहत होता.

वारसा: १४८६ मध्ये बीदरला वडिलांची हत्या झाली आणि मलिक अहमदने त्यांचा निजामुल्मुल्क हा किताब स्वतः धारण केला. बीदरला विचारले नाही, तरी किताब मात्र बीदरच्या दरबाराचाच राहिला, हे शेजारी लिहावे.

किल्ले: शिवनेरी आणि सह्याद्रीतील भोवतालचे गड एकेक करून हाती. गावानने किल्लेदारीची जी मेख मारली होती, ती येथे उपटली गेली. माझ्या मते या पानावरील सर्वांत वजनदार नोंद हीच.

युद्ध: बीदरहून आलेल्या फौजांशी झुंज, आणि २८ मे १४९० रोजी निर्णायक विजय. राजधानी: त्याच रणभूमीजवळ सीना नदीकाठी १४९४ मध्ये अहमदनगरची उभारणी. दौलताबाद मात्र १४९९ मध्ये मिळाले, म्हणजे मुलखाचा रकाना विजयानंतर नऊ वर्षांनी भरतो.

खुतबा आणि छत्र: विजयानंतर मलिक अहमदने खुतब्यात आपले नाव घातले आणि डोक्यावर पांढरे छत्र धरवले. काही वजनदार सरदारांनी याला हरकत घेतली, तेव्हा त्याने खुतब्यातील नाव मागे घेतले आणि छत्र हे केवळ उन्हासाठी आहे, असा खुलासा केला. इतरांनाही छत्र वापरण्याची मुभा दिली, असे फिरिश्ता लिहितो. या नोंदीपुढे ‘सांगणारा शंभर वर्षांनंतरचा’ असा शेरा मारावा.

पदवी आणि मान्यता: मलिक अहमदनंतर त्याचा अल्पवयीन मुलगा बुऱ्हाण गादीवर आला. १५३० च्या सुमारास बुऱ्हाणपूरला गुजरातचा सुलतान बहादूरशाह आणि बुऱ्हाण यांची भेट झाली, आणि त्या भेटीत बहादूरशाहने त्याचे निजामशाह हे पद मान्य करून त्याला राजछत्र दिले. बापाने उन्हासाठी म्हणून धरलेले छत्र मुलाच्या डोक्यावर चाळीस वर्षांनी दुसऱ्या सुलतानाच्या हातून आले. पानावरील शेवटचा रकाना येथे भरावा आणि १४९० हे साल खोडू नये, त्याच्या पुढे ‘युद्ध’ एवढेच लिहावे.